काही करत नाही हो तो!

पशुवैद्यकाला विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही चिंचवडला एका जुन्या चारमजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. मजल्यावर समोरासमोर दोनच घरं, मध्ये दोन पावलांची मोकळी जागा. समोरचे काका-काकू आणि आमची वीस वर्षांची ऊठबस, कोजागिरीचं दूध एकत्र. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, ब्रूनो. वर्षभराने मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि ब्रूनो इथेच राहिला. काकांचे गुडघे दुखतात, त्यामुळे सकाळी खाली न्यायचं आणि पाच मिनिटांत वर आणायचं, एवढंच त्याचं फिरणं. आता आमच्या दाराची कडी वाजली तरी तो त्यांच्या सेफ्टी डोअरवर उड्या मारतो. दोनदा ते दार उघडं राहिलं तेव्हा थेट अंगावर आला. सासूबाई ७६ वर्षांच्या, काठी टेकत चालतात. महिना झाला, त्या देवळात गेलेल्या नाहीत. मुलगा नऊ वर्षांचा, मी जिन्यात उभी राहिल्याशिवाय क्लासला निघत नाही. गेल्या महिन्यात आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींच्या पोटरीला त्याने धरलं. दोन दातांच्या खुणा, थोडं रक्त आलं. काकांनी पाचशे रुपये दिले आणि "लस दिलेली आहे त्याला" म्हणाले. काही बोलायला गेलं की काकू म्हणतात, "काही करत नाही हो तो. तुम्ही घाबरता ते त्याला कळतं. बिस्किट देऊन दोस्ती करा." सोसायटीतले काही जण ठराव करून कुत्रा काढायला लावू म्हणतात. तसं करता येतं का? संबंध तोडायचे नाहीत, पण असं किती दिवस राहायचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. मावशींना इंजेक्शनं दिली का? पत्रात पाचशे रुपये आहेत, दवाखाना कुठेच नाही. चावून महिना झाला आणि ब्रूनो अजून ठणठणीत उड्या मारतोय, म्हणजे त्या चाव्यातून रेबीजची भीती आता उरली नाही. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोगाचा विषाणू नव्हता, असं धरतात. पण हे आज मागे वळून बघताना कळतंय. त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. "लस दिलेली आहे" हे तोंडी ऐकून गप्प बसायचं नसतं. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही, म्हणजे विषाणूला तिथल्या तिथे अडवणारं इंजेक्शन, द्यावं लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती लस सुरू करून, लस थांबवून नव्हे. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. कामाला येणाऱ्या बायका जात नाहीत त्याची कारणं मला ठाऊक आहेत. एक तर खाडा पडतो. दुसरं, पोटात चौदा सुया घेतल्याच्या गोष्टी त्यांनी आईकडून ऐकलेल्या असतात. ती जुनी लस कधीच बंद झाली. आता महिनाभरात दंडात चार-पाच इंजेक्शनं असतात. मावशींना हे तुम्ही सांगा. पुढच्या वेळी कुणाला दात लागला तर पाचशेच्या नोटेवर मिटवू देऊ नका.

आता ठरावाचं. कुत्रा पाळायचाच नाही किंवा पाळलेला काढून टाका, असा ठराव सोसायटीला करता येत नाही, मग तो बहुमताने असो की एकमताने. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधायची सक्तीही सोसायटीने करू नये, असं त्यात म्हटलंय. सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्यावर ठेवावा हा सल्ला मात्र त्याच सूचनांत मालकांना दिलेला आहे. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'धोकादायक जातींवर बंदी' असा फॉरवर्ड फिरला असेल, तर तोही बाजूला ठेवा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींबद्दल तसं पत्र काढलं होतं. त्यात रॉटवायलर होता, जर्मन शेफर्ड नव्हता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं.

म्हणजे "कुत्रा हाकला" ही मागणी घेऊन गेलात तर काकांच्या बाजूने कायदा, प्राणिमित्र आणि बंगळूरचा मुलगा असे तिघे उभे राहतील. तुमच्या हाती वीस वर्षांचा बिघडलेला शेजार येईल. माझं म्हणणं असं की तक्रार ब्रूनोची करूच नका. तक्रार दाराची करा. ते दार दोनदा उघडं राहिलं आणि उघडं राहिलं तेव्हा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, ही माणसांची चूक आहे. ती दुरुस्त होते आणि तिच्याबद्दल कायदाही आहे.

ब्रूनो असा का झाला, ते तुमच्याच पत्रात आहे. मेंढरं राखायला तयार केलेली ही जात आहे. दिवसातून दीड-दोन तास अंग मोडून काम हवं, डोक्यालाही काम हवं. त्याला पाच मिनिटं मिळतात. कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जेवढी माणसं, मुलं, काठ्या, सायकली, आवाज दिसतात, तेवढं जग त्याला आपलं वाटतं. त्या वयात ब्रूनोने किती माणसं बघितली, काकूंना विचारून बघा. त्यानंतर दोन वर्षं तो जाळीच्या दाराआड बसून आहे. बाहेर पावलं वाजतात, तो भुंकतो, पावलं निघून जातात. तुमच्या दृष्टीने तुम्ही देवळात गेलात. त्याच्या दृष्टीने त्याने तुम्हाला हाकललं. दिवसातून कितीतरी वेळा त्याचा असा विजय होतो. मग एक दिवस दार उघडं मिळतं आणि समोर पोटरी असते.

काकूंचं "काही करत नाही" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकल्याबरोबर माझा हात आधी मुसक्याकडे जातो. खोटं बोलत नसतात त्या. त्यांना तो खरंच काही करत नाही. सोफ्यावर मांडीत डोकं ठेवून झोपतो. कुत्रा घरात गरीब आणि जिन्यात चावरा असू शकतो, एवढं मालकाला पटवायला मात्र फार वेळ जातो.

आणि ते बिस्किट. कृपा करून देऊ नका, मुलाला तर मुळीच देऊ देऊ नका. घाबरलेला किंवा चिडलेला कुत्रा बिस्किटाच्या ओढीने जवळ येतो, बिस्किट संपतं आणि मग त्याच्या लक्षात येतं की परक्या माणसाचा हात नाकासमोर आहे. जाळीतून घातलेल्या बोटांचे चावे मी टाके न घालता धुऊन पुढे पाठवलेत. खाऊ द्यायचाच तर तो काकूंनी, आतून, तुमची पावलं वाजल्यावर त्याला दारापासून लांब बोलावून द्यायचा. पाऊल वाजलं की आत जायचं, आत काहीतरी चांगलं मिळतं, हे तो शिकेल. मात्र त्याला आठवडे लागतात आणि रोज करावं लागतं.

काकांकडे जाताना सासूबाईंना घेऊन जा. खरंच सांगते. तुम्ही बोललात तर सून भांडायला आली असं होईल. त्या म्हणाल्या, "मला देवळात जाता येत नाही हो," तर काका खाली बघतील. ब्रूनो नुकता भुंकून थकलाय अशा वेळी जाऊ नका. त्याला आतल्या खोलीत ठेवायला आधी फोनवर सांगा आणि संध्याकाळी चहाच्या वेळी जा. बंगळूरच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर बसवता आलं तर उत्तम, कारण कुत्रा त्याचा आहे आणि पैसे तोच देणार आहे.

मागायचं काय, ते नेमकं मागा. सेफ्टी डोअरच्या आत दोन-तीन फुटांवर कमरेएवढं फाटक बसवायचं. लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसलं चालतं, पण ब्रूनोसाठी उंच हवं, सुतार एका दिवसात करून देतो. दोन्ही एकाच वेळी उघडायची नाहीत. या एका गोष्टीने तुमचं निम्मं दुखणं जाईल, म्हणून बाकी काही जमलं नाही तरी हे सोडू नका. दार उघडायच्या आधी पट्टा गळ्यात आणि पट्ट्याचं टोक हातात, तेही अशा माणसाच्या जो त्याला धरू शकतो. गुडघे गेलेल्या माणसाला पस्तीस किलोचा कुत्रा जिन्यात आवरत नाही. फिरवायला पगारी पोरगा ठेवा. आजकाल कॉलेजची मुलं हे काम करतात, सकाळ-संध्याकाळ तासभर. जिन्यातून नेताना जाळीचं मुसकं घालायचं. सोसायटी सक्ती करू शकत नाही म्हणून शेजाऱ्याने विनंती करू नये असं कुठे आहे? दुकानात बास्केट मझल म्हणून मागा. कापडी पट्टीचं नको. त्यात तोंड उघडत नाही, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि आपल्या उन्हात तो गुदमरतो. मळणीच्या बैलाला मुसकं घातलेलं आपल्याला चालतं, मग कुत्र्याला घातलं की "बिचारा" कशाला?

पशुवैद्याकडेही न्यायला सांगा. शेफर्डची मागची कंबर आणि खुबे लवकर दुखायला लागतात आणि दुखणं असलेला कुत्रा लवकर चावतो. नसबंदी केली की शांत होईल, असं कुणीतरी सांगेलच. भीतीतून आलेला राग तेवढ्याने जाईल असं मी लिहून देणार नाही.

तुमच्या बाजूचंही थोडं आहे. निघताना घरातूनच हाक द्या, "काकू, निघतोय आम्ही," म्हणजे त्या त्याला आत घेतील. सासूबाईंनी काठी भिंतीकडच्या हातात धरावी आणि खाली टेकलेलीच ठेवावी. उगारलेली काठी ही त्याला धमकी वाटते. मुलाला शिकवा की दार उघडं दिसलं तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. हात छातीशी, दप्तर पुढे, अंग थोडं तिरकं आणि तसंच उभं राहायचं, मोठं माणूस येईपर्यंत. खाली पडलाच तर गोळा होऊन मान आणि कान हातांनी झाकायचे. घरात तुम्ही कुत्रा व्हा आणि चार दिवस हा खेळ खेळा. ऐन वेळी आठवण येत नाही, सवयच कामाला येते. शेपूट हलतेय म्हणजे खूष आहे, हेही त्याच्या डोक्यातून काढा. ताठ उंचावलेली, आखूड आखूड हलणारी शेपूट आणि गोठलेलं अंग, म्हणजे जिथे आहात तिथेच थांबा.

हे सगळं गोडीने सांगूनही झालं नाही तर कागद करा. काकांना साधं पत्र, प्रत सेक्रेटरींना. तारीख, वेळ, कोण होतं, दार कसं होतं, काय झालं. "तुमचा कुत्रा हिंसक आहे" असलं काही नको, घडलं तेवढंच. मावशींच्या जखमेचा फोटो असेल तर जोडा. रेबीज लसीच्या प्रमाणपत्राची प्रत आणि महापालिकेचा परवाना मागा. पिंपरी-चिंचवडला कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो आणि तो लसीच्या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही, म्हणजे एक मागितलं की दुसरं तपासलं जातं. जिन्यात सोसायटीचा कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी काढून ठेवा.

त्यापुढची पायरी पोलिस ठाणं. आपल्या ताब्यातल्या जनावराकडून माणसाला धोका होऊ नये एवढी व्यवस्था जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने करत नाही, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड संहितेचं कलम २८९ होतं आणि दंड हजार रुपये होता. कलमाचा रोख बघा, गुन्हा व्यवस्था न करण्याचा आहे, म्हणून मी दारा-पट्ट्याचं एवढं बोलले. शिक्षा होतात का? होतात. मुंबईत नेपियन सी रोडला २०१० साली एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावलं, मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली ती २०२३ मध्ये. वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये हस्की चावला, मालकाला चार महिने सुनावले २०२५ मध्ये. न्याय मिळाला, पण तेरा वर्षांनी आणि सात वर्षांनी. तुमच्या सासूबाईंना पुढच्या एकादशीला देवळात जायचंय. म्हणून सुताराचा नंबर आधी, वकिलाचा नंतर.

एक शेवटचं. काका कदाचित म्हणतील, "ठीक आहे, मुळशीला कुणाच्या तरी फार्महाऊसवर सोडतो." हा पुण्याकडचा आवडता तोडगा आहे आणि मला त्याची चीड आहे. प्रत्येक फार्महाऊसवर एक राखणदार असतो, त्याची बायको असते, दोन पोरं असतात. चावरा कुत्रा तिथे गेला म्हणजे प्रश्न सुटला नाही, गरिबाच्या दारात नेऊन बांधला. ब्रूनोला घर बदलून द्यायचंच असेल तर त्याच्या खऱ्या मालकाने त्याला बंगळूरला न्यावं. मी त्या घरात असते तर मुलाला हेच सांगितलं असतं. साडेसहाशे फुटांत, तिसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेल्या आईवडिलांच्या गळ्यात शेफर्ड बांधून जाणं हा त्या कुत्र्यावरही अन्यायच आहे.

प्रश्न : मॅडम, आम्ही मळ्यात वस्तीवर राहतो. आमच्या भाऊबंदाने कारवानी कुत्रा पाळलाय. दिवसभर मोकळा असतो. डेअरीला दूध घालायला जाताना आणि पोरगं सायकलवरून शाळेला जाताना पांदीत आडवा येतो, पार डांबरीपर्यंत मागे लागतो. पोराची पँट फाडली. बांधावरून आमचं त्यांच्याशी दोन वर्षं बोलणं नाही. वस्तीवरचे म्हणतात, भाकरीतून औषध घाला, सुंठीवाचून खोकला जाईल. काय करावं?
— एक शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : दादा, भाकरीचं आधी डोक्यातून काढा. विष घालून जनावर मारणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३२५. भावकीत वाद आहे हे अख्ख्या वस्तीला माहीत, म्हणजे संशय कुणावर येईल ते सांगायला नको. शिवाय ती भाकरी कोण खाईल हे तुमच्या हातात नाही. सरकारी नोकरीत असताना अशी विषबाधेची जनावरं माझ्या टेबलावर आलेली आहेत. ज्याच्यासाठी भाकरी टाकली तो कुत्रा सोडून बाकीच जास्त. ते मरण कसं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारवानी ही नजरेवर धावणारी शिकारी जात. सशामागे पळायला केलेला कुत्रा. सायकलचं चाक फिरलं, पाय हलले की त्याच्या अंगात येतं. त्यात बहुतेक राग नसतो, पण पँट फाटायची ती फाटतेच. पोराला सांगा, कुत्रा येताना दिसला की जोर मारायचा नाही, त्याच्यापेक्षा जोरात सायकल पळत नाही. उतरायचं, सायकल मध्ये घालायची, त्याच्याकडे न बघता हळूहळू चालत हद्द ओलांडायची. पळणारं काही उरलं नाही की त्याचा निम्मा जोर ओसरतो. दगड मारू नये. रस्त्यावरचं बेवारस कुत्रं आपण दगड घ्यायला नुसते वाकलो तरी मागे सरतं, पण हा आपल्या हद्दीत आहे आणि मागे त्याचा मालक उभा आहे. तो उलट अंगावर येईल.

मागणी करताना "कायम बांधून ठेवा" म्हणू नका. एक तर ते ऐकणार नाहीत. दुसरं म्हणजे दिवसभर साखळीला असलेलं कुत्रं जास्तच खुनशी होतं. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायचं टाळणं ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरताच धरली आहे. वेळा मागा. पहाटे दुधाची वेळ, शाळेला जायची आणि यायची वेळ, एवढ्यापुरतं बांधा. रात्री राखणीला सोडा, आमची हरकत नाही. वेळ मागितली की माणूस देतो, कारण त्यात त्याला हरल्यासारखं वाटत नाही.

तुम्ही स्वतः जाऊ नका. कुत्र्यावरून बोलणं सुरू होईल आणि तिसऱ्या वाक्याला बांधावर येईल. पोलीस पाटलांना घाला मध्ये, किंवा गावात तंटामुक्त समिती जिवंत असेल तर तिच्यापुढे जा. २००७ च्या १५ ऑगस्टला ही मोहीम सुरू झाली तेव्हा गृहखातं तुमच्याच जिल्ह्याच्या आर. आर. आबांकडे होतं. असल्या वस्तीवरच्या भांडणांसाठीच ती होती. समितीपुढे फक्त कुत्र्याचं बोलायचं, बांधाची मोजणी वेगळी. तिथेही नाही झालं तर तहसीलदार किंवा प्रांतांकडे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून अर्ज करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली धोकादायक जनावर कोंडून ठेवायचा किंवा त्याची दुसरी व्यवस्था करायचा हुकूम ते देऊ शकतात. अर्जाला फाटक्या पँटचा फोटो लावा, आणि पोराच्या अंगाला ओरखडा जरी असेल तरी आधी दवाखाना. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते.

प्रश्न : आम्ही तक्रार करणारे नाही, आमच्याबद्दल तक्रार आहे. चिकू सहा वर्षांची, लॅब्रॅडॉर. कधी कुणाला त्रास नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून शेजारच्या तीन वर्षांच्या मुलीवर गुरगुरायला लागली. बाबांनी गुरगुरली की चपलेने मारायला सुरुवात केली, मग गुरगुरणं बंद झालं. पण परवा ती मुलगी कुरवाळायला गेली तर काही न कळवता एकदम तोंड टाकलं. दात लागला नाही. शेजारी बोलेनासे झालेत. ती एकाएकी अशी का वागतेय? (फोटो सोबत पाठवत आहे.)
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ती कळवत होती. बाबांनी ते बंद केलं. रेल्वे फाटकाचा भोंगा बंद केला म्हणून गाडी यायची थांबत नाही. गुरगुरणं म्हणजे "यापुढे येऊ नका" हे सांगण्याची तिची रीत, त्याबद्दल मार कधीही द्यायचा नाही. पुन्हा गुरगुरली तर मुलीला उचलून बाजूला घ्यायचं आणि ती कशामुळे गुरगुरली ते बघायचं.

सहा वर्षं गरीब असलेली लॅब्रॅडॉर दोन-तीन महिन्यांत बदलली, तर मी पहिला संशय दुखण्याचा घेईन. लॅब्रॅडॉरचे लोंबते कान आतून चिघळतात. कोपर आणि खुबे झिजतात, दाढ किडते, गोचिडतापाने अंग मोडून येतं. तीन वर्षांचं मूल कुरवाळत नाही, ते कान पकडून ओढतं. या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या आणि "वागणं बदललंय" हे शब्द वापरून सांगा, नाहीतर लस टोचून परत पाठवतील. कान आतून बघायला सांगा, रक्त तपासायला सांगा. घरात ती कशी उठते-बसते, जिना कसा चढते याचा फोनवर व्हिडिओ काढून न्या. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं भीतीने दुखणं लपवतं.

तोवर मुलगी आणि चिकू एका खोलीत नकोत, मोठं माणूस समोर असलं तरी नकोत. लहान मुलाची उंची म्हणजे नेमकी कुत्र्याच्या तोंडाची पातळी, चावा लागला तर चेहऱ्यालाच लागतो. आणि शेजाऱ्यांकडे आजच जा. "काही करत नाही ती" म्हणायचं नाही. "तिला डॉक्टरांकडे नेतोय, अमुक दिवशी नंबर आहे, तोवर ती तुमच्या दारात येणार नाही," असं तारखेसकट सांगा.

फोटोत चिकूच्या गळ्यात लोखंडी आवळसाखळी दिसतेय. ती काढा. कान दुखत असेल तर प्रत्येक हिसक्याला तिच्या डोक्यात कळ जात असणार. छातीवरून येणारा रुंद पट्टा घ्या आणि डॉक्टरांकडे नेताना तोच घाला.